हरलेल्याचें म्हणणें

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील झाडीच्या मुलखांत धानाची कापणी होऊन बांध्या मोकळ्या झाल्या म्हणजे शंकरपटांचे दिवस येतात. दिवसा बैलजोड्यांच्या शर्यती आणि रात्रीं वडशाच्या एखाद्या नाटक मंडळीचें पहाटेपर्यंत चालणारें नाटक, असा हा दुहेरी उत्सव असतो. त्या निमित्तानें लेकी माहेरीं येतात, सोयरेधायरे जमतात, कोठें कोठें लग्नेंही जुळतात. अशाच एका पटास मी कांहीं वर्षांपूर्वीं ब्रह्मपुरीकडील एका खेड्यांत गेलों होतों. दोन जोड्या शेजारशेजारच्या दोन वाटांवरून सुटल्या, धुळीचा एकच लोट उठला, आणि त्या लोटांतून आधीं कोणती जोडी बाहेर पडली हें सांगणें शेवटच्या खुणेपाशीं उभ्या असलेल्या पंचांनाच काय तें शक्य होतें. त्यांनीं निर्णय दिला आणि क्षणार्धांत शंभर-दीडशें माणसें त्यांच्याभोंवतीं गोळा झालीं. अर्धा तास वाद चालला. निर्णय अखेर कायम राहिला. हरलेल्या जोडीचा मालक, साठीच्या घरांतला एक शेतकरी, बैलांच्या पाठीवरून हात फिरवून माझ्याशेजारीं येऊन बसला. मीं समजुतीचे दोन शब्द काढले, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "पंच खोटा नाही जी, सर. पण आमचं आयकून त घ्याचं होतं."

हें वाक्य माझ्या मनांतून जात नाहीं. हरणारानें पंचाचा शब्द निमूटपणें मानावा, हा खिलाडूपणाचा पहिला पाठ आम्हीं शाळेंत घेतला आणि पुढें शिक्षक झाल्यावर दिलाही. जो मानीत नाहीं तो 'रडीचा डाव' खेळतो, 'पडलों तरी नाक वर' म्हणतो, किंवा अंगण वाकडें असल्याची तक्रार करतो. हरलेल्याची थट्टा करावयास मराठी भाषेंत वाक्प्रचारांचा तुटवडा नाहीं. परंतु निमूटपणा आणि खिलाडूपणा या दोन गोष्टी एकच काय? आणि हरलेल्यानें आपलें म्हणणें सांगावयाचेंच झाल्यास तें कोठें सांगावें? या प्रश्नांस इतिहासानें वेळोवेळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत, आणि तीं पाहण्यासारखीं आहेत.

'पंच' हा शब्द खेळाच्या मैदानावर आला तो गांवच्या चावडीवरून. पंचामुखीं परमेश्वर, असें आपण म्हणतों. परंतु चावडीवरच्या पंचाच्या मुखीं परमेश्वर येई तो दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर. वादी बोलला, प्रतिवादी बोलला, साक्षी झाल्या, मग पंच बोलले, असा तो क्रम. खेळांतल्या पंचावर मात्र विलक्षण जबाबदारी येऊन पडते. त्याला आधीं निर्णय द्यावा लागतो, तोही डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच. आणि बाजू ऐकावयाची झालीच तर ती नंतर. जगांतील बहुतेक सर्व मैदानी तंटे या एका उलट्या क्रमांतून निघालेले आहेत.

चावडीचा तो जुना मार्ग किती दूरवर नेतां येतो, याचें उदाहरण आमच्याच बाजूला आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) नांवाचें एक लहानसें गोंड गांव आहे. तेथील ग्रामसभा बहुमतानें निर्णय करीत नाहीं. सर्वांचें एकमत होईपर्यंत बोलणें चालूं ठेवते. मतें मोजलीं म्हणजे कोणी तरी हरतो, आणि हरलेला मनुष्य निर्णयाच्या बाहेर राहतो, हें त्या गांवानें ओळखलें. अशा रीतीनें कारभार करणाऱ्या या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. ज्या सभेंत कोणी हरतच नाहीं तेथें हरलेल्याचा रोष उरण्याचें कारण नाहीं. पण ही सोय खेळाला नाहीं. दोन्ही जोड्या पहिल्या आल्या, असें एकमतानें ठरविलें तर पट पाहावयास कोणी येणार नाहीं. खेळाला हरणारा हवाच असतो. म्हणूनच त्याला कसें वागवावें हा प्रश्न खेळांत टाळतां येत नाहीं.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत शाळा-शाळांतून जे चेंडूचे खेळ वाढले त्यांपैकीं रग्बी हा सर्वांत दांडगा. त्या खेळास आरंभीं पंचच नव्हता. तंटा पडला तर दोन्ही संघांचे नायक आपसांत बोलून तो मिटवीत. सभ्य गृहस्थांच्या खेळांत तिसऱ्याची गरज काय, अशी त्यांत भावना होती. ती फार काळ टिकली नाहीं. मग प्रत्येक पक्षाचा एक असे दोन पंच आले, आणि त्या दोघांचें जमेना तेव्हां ज्याच्याकडे वाद न्यावयाचा असा तिसरा मनुष्य आला. इंग्रजींतील 'रेफरी' या शब्दाचा मूळ अर्थच, ज्याच्याकडे वाद सोपविला तो, असा आहे. म्हणजे पंच हा प्रथम शिक्षा करणारा अधिकारी नव्हता. तो ऐकून घेणारा होता.

या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध तंटा १८८४ सालचा. लंडनजवळ ब्लॅकहीथ येथें इंग्लंड व स्कॉटलंड यांचा सामना होता. एका स्कॉटिश खेळाडूनें चेंडू हातानें मागें ढकलला. तो इंग्लंडच्या खेळाडूंस सांपडला आणि त्यांनीं त्यावर गुण मिळविला. स्कॉटिशांचें म्हणणें असें कीं, आमच्या समजुतीप्रमाणें चेंडू असा ढकलणें नियमबाह्य, म्हणून खेळ तेथेंच थांबावयास हवा होता. इंग्रजांचें उत्तर असें कीं, नियम मोडला असलाच तर तो तुम्हींच मोडला, आणि स्वतःच्या चुकीचा फायदा कोणास घेतां येत नाहीं. पंच आयर्लंडचा होता. त्यानें गुण इंग्लंडला दिला आणि इंग्लंड जिंकलें. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत वकिली तथ्य होतें, आणि कोणीच मागें सरेना. १८८५ सालीं या दोन देशांचा सामनाच झाला नाहीं. १८८६ सालीं स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांनीं नियमांचा अर्थ ठरविण्यासाठीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन केलें. इंग्लंड त्यांत १८९० पर्यंत सामील झालें नाहीं. ज्या करंडकासाठीं हे दोन देश खेळतात तो 'कलकत्ता कप' हिंदुस्थानांतील चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब मोडला तेव्हां त्याच्या शिलकेंतील रुपये वितळवून तो घडविला आणि १८७८ सालीं इंग्लंडास दिला. आमच्या रुपयांसाठीं लढणाऱ्या त्या सभ्य गृहस्थांनाही हार मुकाट्यानें गिळतां आली नाहीं, ही गोष्ट आम्हांला खिलाडूपणाचे धडे देणाऱ्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. मात्र त्यांच्या भांडणांतून एक कायमची संस्था निघाली. हरलेल्याचें म्हणणें मैदानावरून उठून एका टेबलाभोंवतीं जाऊन बसलें.

आपल्या तांबड्या मातींतील कुस्तीचा न्याय याहून साधा होता. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं खासबाग मैदान उभें केलें, त्यांतील कुस्त्या १९१२ पासून हजारों लोकांनीं पाहिल्या. तेथें गुणांचा हिशेब नव्हता. पाठ मातीला लागली कीं निकाल. नाहीं लागली तर कुस्ती चालूं, आणि फारच लांबली तर बरोबरींत सोडावयाची. पाठीला लागलेली माती सर्व मैदानाला दिसे. पंच तेवढेंच उच्चारून दाखवी. पुढें कुस्ती गादीवर गेली, पकडींना गुण आले, वेळ ठरली, आणि निकाल पाठीवरून पंचाच्या कागदावर गेला. न्याय अधिक सूक्ष्म झाला. पण सूक्ष्म न्यायाबरोबर शंकाही सूक्ष्म होतात. जें पूर्वीं हजार डोळ्यांना दिसे तें आतां तीन माणसांना दिसतें, आणि बाकीच्यांनीं त्यांच्यावर विश्वास ठेवावयाचा असतो.

या बदलाचा घाव ज्यांनीं सोसला त्यांत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे अग्रगण्य होत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले होते. १९५२ च्या ऑलिंपिकसाठीं झालेल्या निवडींत आपल्याला एक गुण मुद्दाम कमी देण्यांत आला, अशी त्यांची तक्रार होती. येथें त्यांना तीन मार्ग मोकळे होते: गप्प बसणें, पंचाच्या अंगावर जाणें, किंवा ज्याच्याकडे दाद मागतां येईल असा मनुष्य शोधणें. त्यांनीं तिसरा स्वीकारला. पतियाळाच्या महाराजांपर्यंत त्यांनीं आपलें गाऱ्हाणें नेलें, पुनः कुस्ती घेण्यांत आली, आणि तींत त्यांनीं प्रतिस्पर्ध्याला चीत केलें. हेलसिंकीला त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें वैयक्तिक स्पर्धेंतील हें पहिलें ऑलिंपिक पदक. परंतु तेथेंच दुसराही प्रसंग घडला. जपानी मल्ल इशी याच्याशीं झालेल्या कुस्तीनंतर त्यांना विश्रांति न देतां सोव्हिएट मल्लाशीं लढण्यास सांगण्यांत आलें. मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. पण तो पुढें करून भांडण्यास भारताचा एकही अधिकारी तेथें हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. मल्ल एकच, वर्षही एकच. एकदां त्याचें म्हणणें ऐकणारा कोणी होता, एकदां नव्हता. याहून स्पष्ट धडा मला दुसरा ठाऊक नाहीं.

आतां प्रेक्षकाकडे वळूं. मल्ल हरतो तेव्हां प्रेक्षक कां भांडतो? कारण ती हार त्यालाही आपली वाटते. मुंबईच्या क्रिकेटमध्यें हें भयंकर स्वरूपांत दिसून आलें. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे धर्म-जातींवार संघ तेथें खेळत. १९१२ पासून सामने चौरंगी झाले, १९३७ पासून पंचरंगी. अकरा माणसांची हार समाजाची हार होऊं लागली. १९४० च्या डिसेंबरांत हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्यास गांधीजींना भेटले, तेव्हां त्यांनीं या जातवार सामन्यांस आपली नापसंती स्पष्टपणें सांगितली. अखेर १९४६ मध्यें ते कायमचे बंद झाले. पण त्याच इतिहासांत १९४४ चा अंतिम सामनाही आहे. त्यांत मुसलमान संघानें हिंदू संघाला एका गड्यानें हरविलें. देशांतील वातावरण इतकें तापलेलें असतांनाही तो सामना शेवटपर्यंत खेळला गेला. यावरून, हार समाजाची मानली म्हणजे प्रेक्षकाचा तोल जातोच असें म्हणतां येणार नाहीं. परंतु तो राखणें दरवेळीं नशिबावर सोंपवावें लागतें, एवढें खरें.

संशयाचें पहिलें औषध म्हणून तिऱ्हाईत पंच आला. पूर्वीं कसोटी सामन्यांत यजमान देशाचेच पंच असत, आणि हरलेला पाहुणा घरीं जाऊन त्यांना नांवें ठेवी. १९८६ च्या नोव्हेंबरांत लाहोरला पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या सामन्यांत भारताचे दोन पंच उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. भारत व पाकिस्तान यांचें परस्परांवर किती प्रेम आहे हें वाचकांस सांगावयास नको. तरीही पाकिस्तानच्या भूमीवर पाकिस्तानच्या सामन्याचा न्याय करण्यास दोघे भारतीय चालले. दुसरें औषध यंत्राचें. १९९२ च्या नोव्हेंबरांत दरबान येथें चित्रफीत पुनः पाहून धावबाद ठरविलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. तिसरें औषध मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. २००८ सालीं भारत श्रीलंकेंत खेळत असतां खेळाडूलाच निर्णयाच्या फेरविचाराची मागणी करण्याचा अधिकार प्रथम देऊन पाहण्यांत आला. या पद्धतीवर आमच्या क्रिकेट मंडळाचाच पुष्कळ वर्षें विश्वास नव्हता. २०१६ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेंत तिनें आमच्याकडे पाय टाकला.

या तिसऱ्या औषधाची घडण पाहण्यासारखी आहे. दाद मागतां येते, पण अमर्याद नाहीं. मागणी फोल ठरली तर पुढील मागण्यांतून ती वजा होते. आंतरराष्ट्रीय कुस्तींतही आज प्रशिक्षकाला निर्णयास आव्हान देतां येतें, आणि तें चुकलें तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे हरणाराला बोलण्याचा अधिकार आहे, पण बोलण्याला किंमत आहे. आणि क्रिकेटमध्यें चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाईल असें यंत्र म्हणतें, तेव्हां मैदानावरील पंचाचाच शब्द कायम ठेवतात. यंत्र बसविणारांनीं स्वतःच्या यंत्रालाही संशयाची एक कड ठेवली, आणि ती कड मनुष्याच्या हवालीं केली, यांत मला मोठा विवेक दिसतो.

एवढें सगळें असूनही २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगरला जें घडलें तें आपण पाहिलें. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत पृथ्वीराज मोहोळ यानें शिवराज राक्षे याला चीत केल्याचा निर्णय पंचांनीं दिला. आपले दोन्ही खांदे टेकले नाहींत, निर्णय पुनः पाहावा, असें राक्षे याचें म्हणणें होतें. तें मान्य झालें नाहीं, आणि त्यानें पंचाला लाथ मारली. त्याच दिवशीं अंतिम कुस्तींत महेंद्र गायकवाड यानेंही गुणाच्या वादावरून मैदान सोडलें. दोघांनाही तीन वर्षांसाठीं निलंबित करण्यांत आल्याचें जाहीर झालें. तो निर्णय बरोबर होता कीं चूक, यांत मी शिरत नाहीं. लाथ मात्र निःसंशय चूक होती. पंचाच्या अंगाला हात लागला कीं न्यायाचा प्रश्न संपतो आणि बळाचा सुरू होतो. पण त्या संध्याकाळीं घरोघरीं जो वाद झाला त्यांत एक पक्ष फक्त लाथेविषयीं बोलत होता आणि दुसरा फक्त खांद्यांविषयीं. लाथेला शिक्षा हवी आणि खांद्यांची चौकशीही हवी, हीं दोन्ही वाक्यें एका तोंडून निघालेलीं मीं फार थोडीं ऐकलीं.

असें बोलण्याचा मला अधिकार आहे कीं नाहीं, हें वाचकांनीं पुढील हकीगत ऐकून ठरवावें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, नवा अध्यापक असतांना, महाविद्यालयांच्या एका कबड्डी सामन्यांत ऐनवेळीं पंच न आल्यानें मला उभें करण्यांत आलें. अखेरच्या चढाईंत एटापल्लीकडच्या एका माडिया मुलानें दोन गडी टिपले आणि रेषेकडे झेंप घेतली. त्याचा दम आधींच सुटला असें मला वाटलें. मीं त्याला बाद दिलें आणि त्याचा संघ हरला. तो उठला, कपड्यांवरची माती झाडली, आणि एक शब्दही न बोलतां बाजूला झाला. बक्षीस-समारंभांत मीं त्याचें जाहीर कौतुक केलें. खरा खिलाडूपणा याला म्हणतात, असें म्हणालों. रात्रीं रेषेवर उभा असलेला माझाच एक विद्यार्थी, जिंकलेल्या संघाचा, मला भेटून म्हणाला, "सर, त्याचा दम सुटला नव्हता. मी अगदीं जवळ होतों." दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाला शोधून विचारलें, "तूं कांहीं बोललास कां नाहींस?" तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "विचारायचं असतं का, सर?"

ज्याला मीं खिलाडूपणा समजून टाळ्या मिळवून दिल्या तो खिलाडूपणा नव्हता; आपलें म्हणणें कोणी विचारीत असतें हेंच त्या मुलाला ठाऊक नव्हतें. जंगलाच्या मुलखांत निर्णय बाहेरून येत आणि ते मुकाट्यानें घ्यावयाचे असत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची संवय मैदानावर माझ्यासमोर उभी होती, आणि मीं तिला सद्‌गुण म्हटलें. अहिल्यानगरची लाथ आणि त्या मुलाचें मौन हीं दोन टोकें दिसतात खरीं. पण दोन्हींच्या मुळाशीं एकच उणीव असूं शकते. जेथें विचारण्याची जागा आहे, वेळ आहे आणि किंमतही ठरलेली आहे, तेथें विचारून झाल्यावर हरणारानें मान तुकवावी, असें आपण ठासून म्हणूं शकतों. जेथें ती जागाच नाहीं तेथें हा उपदेश करणारानें आधीं स्वतःकडे पाहावें.

शंकरपटाच्या बाबतींत तर आणखी एक पक्ष आहे, ज्याला कधींच कोणीं विचारलें नव्हतें: बैल. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या, तेव्हां त्याचें म्हणणें प्रथम नोंदलें गेलें असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें महाराष्ट्रानें कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्यें न्यायालयानें शर्यतींस पुनः वाट दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य धरला. मात्र बैलांना इजा न होईल अशा अटींनीं. त्या अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहणें आतां पंचांचें आणि आपणां सर्वांचें काम आहे.

त्या दिवशीं ब्रह्मपुरीकडच्या पटावर अंधार पडला आणि नाटकाच्या मंडपांत दिवे लागले. तिसऱ्या-चौथ्या रांगेंत हरलेल्या जोडीचा मालक बसला होता. थोड्या वेळानें दुपारचे पंच आले आणि जागा पाहूं लागले. शेतकऱ्यानें सरकून त्यांना बाजूला जागा दिली. पडदा वर जाण्यास उशीर होता. त्या वेळांत ते दोघे हातवारे करीत दुपारची शर्यत पुनः धावडवीत होते, आणि पंच मान खालीं घालून लक्ष देऊन ऐकत होते. निर्णय बदलणार नव्हता, हें दोघांनाही ठाऊक होतें.